गिलाव्याविना: अच्युत कानविंदे

[दृश्य: कानपूर. जमिनीपासून एक मजला वर असलेला छत घातलेला मार्ग, त्यावरून जाणारे विद्यार्थी]

सकाळच्या तासांची वेळ. मुलं सायकली खाली लावतात, जिना चढतात आणि या मार्गावर येतात. एकदा वर आलं की पुन्हा उन्हात उतरायचं काम नाही. या वाटेनं वाचनालय, त्या वाटेनं व्याख्यानगृहं, वळलं की प्राध्यापकांच्या खोल्या. डोक्यावर काँक्रीटचं छत, दोन्ही बाजू मोकळ्या. मे महिन्यात कानपूरचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो. त्या दिवसांत सावलीतून चालायला मिळणं म्हणजे काय, ते इथल्या मुलांना विचारावं.

ही आयआयटी कानपूर. १९५९ ते १९६६ या काळात हा परिसर आखला आणि उभा केला तो वास्तुकार अच्युत पुरुषोत्तम कानविंदे यांनी. मूळचे मालवणजवळच्या आचऱ्याचे. चार्ल्स कोरिया आपल्याला ठाऊक असतात. बाळकृष्ण दोशीही असतात, ते तर जन्मानं पुण्याचेच. कानविंदे हे नाव मात्र वास्तुकलेच्या वर्गाबाहेर फारसं ऐकू येत नाही, आणि त्यांनी बांधलेल्या इमारतींत शिकलेल्यांची संख्या बघता हे अजबच आहे.

[दृश्य: भिंत, अगदी जवळून. काँक्रीटवर उमटलेल्या फळ्यांच्या रेषा]

या रेषा कुणी कोरलेल्या नाहीत. त्या लाकडाच्या आहेत.

काँक्रीट ओतायच्या आधी फळ्यांचा साचा उभा करतात, म्हणजे शटरिंग. एरवीच्या बांधकामात शटरिंग थोडं वाकडंतिकडं असलं तरी चालून जातं, कारण वर गिलावा चढतो आणि सगळं झाकलं जातं. इथे गिलावाच द्यायचा नव्हता. मग फळी उभी लावली की उभ्या रेषा, आडवी लावली की आडव्या, आणि त्या कायमच्या. दोन फळ्यांत फट राहिली तर सिमेंटचं पाणी गळून जातं, नुसती खडी उघडी पडते. काल ओतलेलं आणि आज ओतलेलं यांचा सांधा कुठे यावा हे आधी नकाशात ठरवावं लागतं, नाहीतर तो दर्शनी भागाच्या मधोमध येऊन बसतो. आणि हे १९६० च्या सुमाराला, जेव्हा रेडीमिक्सच्या गाड्या नव्हत्या. माल डोक्यावरच्या घमेल्यांतून जायचा. ओतलेलं काँक्रीट उन्हानं तडकू नये म्हणून त्यावर ओलं गोणपाट टाकून दिवसच्या दिवस पाणी मारत राहावं लागायचं. ज्याला आपण साधी, उघडी भिंत म्हणतो, तिच्यासाठी सुताराला आणि गवंड्याला गिलावा केलेल्या भिंतीपेक्षा जास्त मेहनत पडते.

[दृश्य: काँक्रीटचे खांब-तुळया, मधे विटांचं बांधकाम]

काँक्रीटच्या चौकटीत विटा भरल्या आहेत, त्याही उघड्या. भार पेलतं ते काँक्रीट. वीट फक्त जागा भरते. दोन्ही आपापल्या रंगात राहिल्यामुळे कोण काय करतंय ते लांबूनच कळतं. यात सौंदर्यदृष्टी आहे तसा हिशेबही आहे. पोलाद आणि सिमेंट दोन्हींवर तेव्हा सरकारी नियंत्रण होतं. वीट मात्र गंगेच्या गाळाच्या प्रदेशात हवी तेवढी, आणि ती रचणारे हातही तिथलेच. जे महाग ते मोजून वापरायचं, जे स्वस्त ते भरपूर. रंगाचा खर्च नाही, दर काही वर्षांनी पुन्हा रंग काढायचाही नाही. तरी असली इमारत बघून ‘काम अर्धवट राहिलंय का?’ असं विचारणारे आजही भेटतात.

[दृश्य: आचरा. जांभ्याची भिंत, कौलं, पडवी]

आचरा म्हटलं की मालवणी माणसाला रामेश्वर आठवतो, आणि गावपळण. दर काही वर्षांनी अख्खं गाव गुराढोरांसकट घरं बंद करतं आणि तीन दिवस वेशीबाहेर राहायला जातं. कानविंद्यांचा जन्म इथला, ९ फेब्रुवारी १९१६ चा. वडील चित्रकार होते.

कोकणातल्या पडवीत उभं राहून पाऊस बघता येतो. अंगावर थेंब येत नाही, पण आपण घरातही नसतो. कानपूरचा तो मार्ग आठवून या पडवीशी नातं जुळवायचा मोह होतो. पण त्याचा खरा माग जरा लांबून लागतो.

[दृश्य: मुंबई, सर जे. जे. स्कूलचा परिसर]

१९३५ मध्ये ते जे. जे.च्या वास्तुकला विभागात दाखल झाले. विभागप्रमुख होते क्लॉड बॅटले. माणूस इंग्रज, पण विद्यार्थ्यांना जुनी देवळं, जुनी घरं प्रत्यक्ष मोजायला आणि त्यांची मापाबरहुकूम चित्रं काढायला लावणारा. इथली हवा, इथलं ऊन समजून घ्या, असा त्याचा आग्रह. पुढे नोकरी मिळाली ती वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेत, म्हणजे सीएसआयआरमध्ये. आणि १९४५ साली सरकारनं त्यांना हार्वर्डला पाठवलं.

[दृश्य: देसाऊ येथील बाऊहाउसच्या इमारतीची छायाचित्रं]

हार्वर्डमध्ये तेव्हा वास्तुकला विभागाचे प्रमुख होते वॉल्टर ग्रोपिअस. जर्मनीतल्या बाऊहाउस या कलाशाळेचे संस्थापक. १९३३ मध्ये नाझींच्या दबावाखाली ती शाळा बंद पडली. ग्रोपिअस त्याआधीच तिथून बाहेर पडले होते, पुढे देशही सोडला. ही त्यांची देसाऊची इमारत, १९२६ ची. इकडे कार्यशाळा, तिकडे वर्ग, आणि दोन्हींना जोडणारा, रस्त्यावरून जाणारा हा दोन मजली पूल. आता कानपूरचा मार्ग पुन्हा पाहा.

[दृश्य: कानपूरचा मार्ग, खालून]

इमारत सुटी उभी करायची नाही, दुसरीला जोडायची. आणि जोडायची ती माणूस चालेल तशी. ग्रोपिअसच्या वर्गात कानविंदे हेच शिकले. इमारतीचा चेहरा आधी ठरवायचा नाही. आत कोण येणार, काय काम करणार, त्याला किती उजेड लागेल, धूर कुठून बाहेर जाईल, हे आधी विचारायचं. चेहरा त्यातून निघेल तो निघेल.

१९४७ मध्ये परत आले तेव्हा प्रयोगशाळा बांधण्याची घाई देशालाच झाली होती. सीएसआयआरचे मुख्य वास्तुकार म्हणून त्यांनी हेच काम हाती घेतलं.

[दृश्य: अहमदाबाद, अटिरा]

ही अटिरा, अहमदाबादच्या कापडगिरण्यांची संशोधन संस्था. विक्रम साराभाई तिचे पहिले संचालक. चंदीगडचे वास्तुकार ल कॉर्बुझिए यांची गिरणीमालक संघाची इमारत साबरमतीच्या काठी अजून उभी राहायची होती, तेव्हा इथे काम सुरू झालेलं होतं. सपाट छत, सरळ रेषा, लांबलचक खिडक्या. गुरूची, ग्रोपिअसची, छाप इतकी स्पष्ट की ही इमारत थोडी परक्या मुलखातली वाटते. आमच्या मते कानविंदे इथे अजून कानविंदे झालेले नाहीत.

१९५५ मध्ये सरकारी नोकरी सोडून त्यांनी शौकत राय यांच्याबरोबर दिल्लीत स्वतःचं कार्यालय थाटलं.

तो काळ वादाचा होता. स्वतंत्र भारताच्या इमारतींनी दिसावं कसं? घुमट, छत्र्या, कमानी लावल्या की त्या भारतीय होतात का? दिल्लीत अशोका हॉटेल, बंगळूरला विधानसौध त्याच सुमाराला उभे राहिले होते. मार्च १९५९ मध्ये ललित कला अकादमीनं दिल्लीत वास्तुकलेवर परिसंवाद भरवला. तो घडवून आणण्यात कानविंदे पुढे होते. उद्घाटनाला पंतप्रधान नेहरू आले आणि चंदीगडबद्दल बोलले: ते शहर आवडो न आवडो, डोक्यावर टोला हाणतं आणि विचार करायला लावतं. कानविंदे घुमट-कमानींच्या बाजूला नव्हते, हे सांगायला नकोच. आणि त्याच वर्षी कानपूर आलं.

[दृश्य: पी. के. केळकर वाचनालय]

या वाचनालयाला आज ज्यांचं नाव आहे ते पुरुषोत्तम काशिनाथ केळकर संस्थेचे पहिले संचालक. त्याआधी मुंबईची आयआयटी उभी करण्यात त्यांचा वाटा होता. गंगेच्या या मैदानात, ग्रँड ट्रंक रोडला लागून, उत्तर प्रदेश सरकारनं दिलेली हजार एकरांहून थोडी जास्त सपाट जमीन. तिच्यावर काय असावं हे ठरवायला बसलेल्यांत एक केळकर आणि एक कानविंदे. पहिल्या तुकडीचे वर्ग तोवर शहरातल्या हारकोर्ट बटलर तंत्रसंस्थेच्या आवारात भरत होते.

केळकरांचं म्हणणं असं की प्रत्येक विभागानं आपापली गढी बांधून आत बसू नये. भौतिकशास्त्राच्या माणसाला रसायनशास्त्राचा माणूस येता-जाता भेटला पाहिजे. अभियंत्यानं मानव्यविद्याही शिकल्या पाहिजेत. हे भाषणात सांगणं सोपं. कानविंद्यांनी ते नकाशात उतरवलं. म्हणून प्राध्यापकांच्या खोल्या विभागवार विखुरल्या नाहीत, त्यांची एक सामायिक इमारत झाली. प्रयोगशाळा वेगळ्या, व्याख्यानगृहं सगळ्यांची मिळून. आणि सगळ्यांना ओवणारा हा मार्ग. शिक्षणाच्या इमारती मधोमध; एका अंगाला वसतिगृहं, दुसऱ्या अंगाला घरं; मोटारी बाहेरून वळसा घालतील. एका तासाहून दुसऱ्या तासाला पायी पोचता आलं पाहिजे, हे परिसराचं माप.

[दृश्य: वाचनालयापुढचं पाणी, चौक, झाडं]

मधले चौक आज हिरवे दिसतात. ही झाडं लावलेली आहेत; जमीन मिळाली तेव्हा उघडं मैदान होतं. पाण्याचं तळं शोभेचं आहेच, पण कोरड्या उन्हाळ्यात त्यावरून येणारी झुळूक आजूबाजूला थोडा गारवा देते. खिडक्या आत ओढलेल्या, वर काँक्रीटचे छज्जे, म्हणजे उजेड येतो आणि ऊन बाहेर थांबतं. कानपूरला येईपर्यंत अटिराची ती परकी टापटीप गेली आहे. सावल्या जाड झाल्या आहेत.

अमेरिकेतल्या ९ विद्यापीठांचं सहकार्य संस्थेला १९६२ पासून १० वर्षं मिळालं. १९६३ मध्ये आयबीएम १६२० संगणक आला आणि त्याच्यासाठी थंड खोली करावी लागली. माणसांना पंखे, यंत्राला एअर कंडिशनर. इथून शिकलेले कितीतरी जण पुढे त्याच अमेरिकेत स्थायिक झाले.

[दृश्य: बंगळूर, कृषी विद्यापीठ]

कानपूरनंतर विद्यापीठांची रीघ लागली. लुधियानाचं पंजाब कृषी विद्यापीठ, बंगळूरचं कृषी विज्ञान विद्यापीठ. कानपूरची जमीन सपाट होती, बंगळूरची चढ-उताराची. म्हणून इथे इमारती पायऱ्यापायऱ्यांनी उतरतात. या अनुभवावर त्यांनी एच. जेम्स मिलर यांच्याबरोबर भारतातल्या विद्यापीठ परिसरांच्या रचनेवर पुस्तक लिहिलं, १९६९ मध्ये. १९७४ ला पद्मश्री मिळाली.

[दृश्य: मेहसाणा, दूधसागर डेअरी. छतावरचे मनोरे]

ही शाळा नाही, डेअरी आहे, पण ही चित्रं वगळणं आम्हाला जमलं नाही. छतावरचे हे काँक्रीटचे मनोरे म्हणजे हवेच्या वाटा. आतली वाफ, आतली उष्णता वर चढते आणि इथून निघून जाते. धूर कुठून बाहेर जाईल, हा हार्वर्डमधला प्रश्न इथे थेट आकाशरेषेवर आला आहे.

महाराष्ट्रातही त्यांचं काम आहे. पुण्यात कोंढव्याची राष्ट्रीय बँक व्यवस्थापन संस्था, आणि वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र. शाळेच्या सहलीला तिथे जाऊन आलेल्या कुणालाही विचारा, आरशांचे प्रयोग आठवतील. दिल्लीतलं इस्कॉनचं मंदिरही त्यांचंच, १९९८ मधलं. शिखरं आणि छत्र्यांसकट. घुमट-छत्र्यांवर वाद घालणाऱ्या माणसानं उतारवयात देऊळ बांधावं, हे आम्हाला विसंगत वाटत नाही. देवळाला जे लागतं ते देवळात दिलं. २८ डिसेंबर २००२ ला कानविंदे गेले.

[दृश्य: काँक्रीटचा पोपडा, आतून दिसणारी गंजलेली सळई]

उघड्या काँक्रीटला पाणी मुरतं. आतली सळई गंजते, गंजली की फुगते, आणि वरचा पोपडा सुटतो. याला उपाय आहे, फक्त तो गिलावा मारून झाकण्याइतका स्वस्त नाही. खराब भाग काढायचा, सळई साफ करायची, जुन्याशी मिळतं मिश्रण बनवायचं, आणि फळ्यांच्या रेषा पुन्हा उमटवायच्या. हे करणारे कारागीर आहेत; त्यांना बोलावणारं कुणीतरी लागतं.

२०१७ च्या एप्रिलमध्ये दिल्लीतल्या प्रगती मैदानावरचं वास्तुकार राज रेवाल यांचं हॉल ऑफ नेशन्स हे प्रदर्शनाचं दालन रातोरात पाडलं गेलं. बांधून ५० वर्षंही झाली नव्हती. राष्ट्रीय स्मारक म्हणून कायद्याचं संरक्षण मिळायचं तर इमारत किमान १०० वर्षं जुनी असावी लागते. या हिशेबानं कानपूरच्या या इमारतींचा विचार व्हायला २०६० नंतरचा काळ उजाडेल, आणि वरळीच्या विज्ञान केंद्राचा २०८५ मध्ये. तोवर त्या ज्यांच्या ताब्यात आहेत, निर्णय त्यांचाच.