केळीच्या घडाला पान, आपल्या कातडीला काय?

(दृश्य: केळीची बाग, सकाळ. वाळलेली पानं घडावर टाकणारे हात.)

सकाळचे साडेनऊ होतायत, यावल तालुक्यातल्या एका केळीच्या बागेत आहोत आपण, आणि या वहिनी काय करतायत ते नीट बघा. वाळलेलं केळीचं पान घेतलं, घडाच्या दांड्यावरून असं खाली सोडलं, वर अजून एक, आणि पुढच्या झाडाकडे. दांड्याला थेट ऊन लागलं की तो करपतो आणि केळाच्या सालीवर काळे चट्टे पडले की व्यापारी भाव पाडतो, म्हणून घड झाकायचा. कुणी पान टाकतं, कुणी स्कर्टिंग बॅग, म्हणजे घड झाकायची पिशवी घालतं, बांधावर शेवरी लावतात ती पण उन्हाळ्यातला गरम वारा अडवायलाच. म्हणजे ऊन कुठून येतं, कशाला लागतं, आडवं काय धरायचं हे सगळं आपल्या शेतकऱ्याला बरोब्बर कळतं.

आता वहिनींचा हात बघा. काचेच्या बांगड्या जरा वर सरकवल्या त्यांनी माझ्यासाठी. बांगड्यांच्या खाली कातडीचा एक पट्टा आहे, गव्हाळ, मऊ, त्यांच्या लग्नातल्या फोटोत आहे तोच रंग. आणि त्याच्या खाली-वर सगळा हात काळपट, कोरडा, बारीक रेषा पडलेला. वय विचारलं तर सांगतात छत्तीस. मला ते बघून खरंच वाईट वाटलं, कारण घडाला पान टाकणारी बाई स्वतःच्या हातावर काहीच टाकत नाही, आणि तिला कधी कुणी सांगितलं पण नाही.

(दृश्य: मोबाईलवर घरगुती सनस्क्रीनचे व्हिडिओ सरकतायत.)

सांगितलंय ते असलं काहीतरी. बेसन, दही, लिंबू, खोबरेल तेल, गाजराच्या बियांचं तेल, घरीच बनवा नॅचरल सनस्क्रीन. मी पण बनवायचे, खोटं कशाला बोलू. म्हणूनच हा व्हिडिओ करतेय, कारण यातल्या काही गोष्टी नुसत्या बिनकामाच्या नाहीत, त्या उन्हात त्रास देतात.

आधी एक गोष्ट क्लिअर करूया. कातडी भाजते ती उन्हाच्या झळेने नाही, अतिनील म्हणजे यूव्ही किरणांनी. झळ अंगाला जाणवते, ही किरणं जाणवत नाहीत. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा 45 च्या पुढे जातो तेव्हा संध्याकाळी साडेपाचला पण वारा भट्टीसारखा लागतो, पण तेव्हा अतिनील किरणं बरीच कमी झालेली असतात. आणि हिवाळ्यात दुपारी कापूस वेचताना ऊन छान उबदार वाटतं, तेव्हा ती चालूच असतात. ढग असले तरी बऱ्यापैकी खाली येतात. त्यात दोन प्रकार आहेत, यूव्हीबी कातडी लाल करते, भाजते, आणि यूव्हीए खोल जाते, सुरकुत्या, काळे डाग, वांग, हे बऱ्याच अंशी तिचं काम. यूव्हीए गाडीच्या बाजूच्या काचेतून पण बरीच आत येते, त्यामुळे ट्रॅक्टरवाल्याइतकंच पिकअप चालवणाऱ्या भाऊने पण ऐकावं हे.

आणि किरणं कधी जोरात आहेत ते ओळखायला घड्याळ नसलं तरी चालतं बरं का. आपल्या खान्देशात सूर्य डोक्यावर येतो तो बाराला नाही, साडेबाराच्या आसपास, कारण भारताची वेळ आपल्या बऱ्याच पूर्वेकडच्या रेखांशावर ठरलीय. मेच्या शेवटच्या आठवड्यात तर जळगावकडे एक दिवस असा येतो की भर दुपारी सावली पायाखालीच जाते, शून्य सावलीचा दिवस म्हणतात त्याला. तर आपली सावली आपल्यापेक्षा आखूड दिसली की समजायचं किरणं जोरात आहेत. लांब सावलीत काम करा, आखूड सावलीत झाडाखाली बसा. माझी आजी शाळेत गेली नव्हती पण सावली बघून जेवायला हाक मारायची, नि निघताना प्रत्येकाला तेच वाक्य, "डोकाले रुमाल बांधी ले, ऊन लागी जाई."

(दृश्य: स्वयंपाकघराचा ओटा. दही, लिंबू, कोरफड, खोबरेल तेलाची बाटली.)

आता ओट्यावर येऊ. कोरफड, दही, काकडी, मुलतानी माती, हे सगळं उन्हातून आल्यावर लावा, बिनधास्त, थंड वाटतं, कातडीला ओलावा मिळतो. पण हे लावून उन्हात गेलात तर किरणं अडत नाहीत. खोबरेल तेलाचं सगळे विचारतात. प्रयोगशाळेत मोजल्यावर त्याचा एसपीएफ, म्हणजे भाजणाऱ्या यूव्हीबीपासून किती राखतं त्याचा आकडा, 7-8 च्या आसपास आलेला आहे, पण तो यंत्रावर, घामेजलेल्या चेहऱ्यावर नाही, आणि डॉक्टर किमान 30 तरी लावा म्हणतात. नीट लावलं तर एसपीएफ 30 यूव्हीबीची साधारण 97 टक्के किरणं अडवतं, 50 वालं 98, म्हणजे फरक थोडाच आहे, महागडं 50 नाही परवडलं तर रडत बसू नका. गाजराच्या बियांच्या तेलाचे इंटरनेटवर जे मोठमोठे आकडे फिरतात त्यांच्यावर भरवसा ठेवून शेतात जाऊ नका, इतकंच म्हणेन.

लिंबावर मात्र थांबायचंय मला. माझ्या मामेबहिणीने लग्नाच्या पंधरा दिवस आधी चेहऱ्याला नि मानेला लिंबू-बेसन लावलं, घाईघाईत नीट धुतलं नाही आणि दुपारी स्कूटीवर पत्रिका वाटायला गेली. दुसऱ्या दिवशी मान चुरचुरायला लागली, फोड आले, आणि नंतर जिथे जिथे रस ओघळला होता तिथे तिथे काळे ओघळ उमटले, अक्षरशः थेंबाच्या आकाराचे. हळदीच्या दिवशी ओढणी मानेवरून काढायला तयार नव्हती ती. डाग जायला कित्येक महिने गेले. आपल्या कागदी लिंबाच्या रसात, सालीत असे पदार्थ असतात की ते कातडीवर असताना यूव्हीए पडली की कातडी भाजते. अंजिराच्या चिकाने पण असं होतं. आणि बावची, कोडासाठी गावोगावी जिचं तेल लावतात ती, तिच्यात तर सोरालेन असतं, तेच काम आणखी जोरात करतं. डॉक्टरच्या देखरेखीशिवाय बावची लावून उन्हात बसलेल्या माणसाची कातडी फोडाने उसवते, कृपा करून असलं करू नका. कोड असलेल्यांनी त्या डागांना विशेष जपायचं, कारण तिथे मेलॅनिनच, म्हणजे कातडीला रंग देणारा पदार्थच नसतं, आडोसाच नाही.

मेलॅनिनवरून आठवलं, आपण सावळी माणसं, आपल्याला कसलं सनस्क्रीन, हे मी दर गावात ऐकते. मेलॅनिन थोडं राखतं हे खरंय. पण वांग आपल्यातच जास्त दिसतो आणि डोळ्यांना तर मेलॅनिनचं चिलखत नाही, उन्हाचा मोतीबिंदूशी संबंध आहे. डोक्यावरच्या टोपीला कड हवी ती त्यासाठी.

मग निसर्गातलं काही चालतंच नाही का? चालतं ना. जस्त. म्हणजे झिंक ऑक्साइड, पांढरी भुकटी, यूव्हीए आणि यूव्हीबी दोन्ही अडवते, कातडीत फारशी शिरत नाही, लहान मुलांना नि नाजूक कातडीला पण बहुतेक वेळा सोसते. मेडिकलमधून सनस्क्रीन घेताना मागे वाचा, झिंक ऑक्साइड किंवा टायटेनियम डायऑक्साइड लिहिलंय का, एसपीएफ 30 आणि पीए, म्हणजे यूव्हीए किती अडते त्याची खूण, तिच्यापुढे किमान तीन अधिक चिन्हं आहेत का. मी आत्ता हे बोटावर घेतलंय बघा, घट्ट, पांढरं, चुन्यासारखं दिसतं, चोळलं तरी जरा पांढुरकं राहतं. त्या पांढुरकेपणामुळे बायका टाकून देतात ते, पण राहू द्या, शेतात कोण बघतंय. पण झिंकची पावडर आणून घरी तेलात कालवू नका, गुठळ्या होतात, एका जागी थर आणि एका जागी काहीच नाही, आणि किती एसपीएफ झालं ते घरी कळायला मार्ग नाही. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांवर लांब ओळी येतील एवढं लावायचं, टिकलीएवढं नाही, नि दोन तासांनी परत, घाम पुसला तर त्याआधीच.

रोज दोनदा, तीनदा, सगळ्या अंगाला, हे शेतमजूर बाईला परवडणार नाही, मला माहितीय. म्हणून मला आपलं जे आहे तेच सगळ्यात जास्त आवडतं. फडकं. रुमाल. साडीवर घातलेला नवऱ्याचा जुना फुलबाह्यांचा शर्ट, जो इथे प्रत्येक बाई घालते. कापडाला एक्सपायरी नाही, दोन तासांनी परत लावायचं नाही. फक्त कापड निवडताना ते उजेडाकडे धरून बघा, पलीकडचा हात स्पष्ट दिसला तर किरणं पण आरपार जाणार. विरलेलं पांढरं सुती, त्यात घामाने ओलं झालेलं, म्हणजे जवळजवळ उघडंच. घट्ट विणीचं, गडद रंगाचं, नाहीतर पातळ असेल तर दुहेरी. रुमाल कानावरून नि मानेवरून खाली येऊ द्या, मागून मान उघडी राहते ती सगळ्यांचीच राहते.

(दृश्य: परत बाग. ऊन चढलंय, सावल्या आखूड.)

वहिनींनी मघाशी विचारलं मला, ताई, हातावर काय घालू, शर्टाची बाही कोपराच्या वर जाते काम करताना. म्हणून आम्ही दोघींनी जुन्या पँटचा पाय कापला, घोट्याकडची बाजू मनगटाला, वर इलास्टिक ओवलं. पाच मिनिटांचं काम. बांगड्यांवरून सरकत नाही, बघून घेतलं. आता दुसऱ्या हाताचं शिवतायत त्या, आणि शेजारच्या सरीतून दोघी विचारायला आल्यात की घरात अजून जुनी पँट आहे का.