काळजातली गाठ

नमस्कार मंडळी. मघाशी अध्यक्षांनी 'काळजाचा कॅन्सर' म्हटलं तेव्हा मागच्या रांगेत दोघातिघांचे हात छातीवर गेले. आपल्या गोव्यात हा घोळ व्हायचाच. कोंकणीत काळीज म्हणजे हृदय. मराठीत मटणवाल्याकडे काळीज मागा, तो यकृत तोलून देईल. मी बोलणार आहे ते या दुसऱ्याबद्दल.

यकृत बिघडलं म्हटलं की आपला पहिला प्रश्न, "घेतो का?" फोंड्याकडचा तेवीस वर्षांचा एक मुलगा आला होता. खुर्चीवर बसायच्या आधीच आई म्हणाली, "दोतोर, आमच्या पोरानं फेणीला कधी हात लावलेला नाही." खरंच होतं ते. रोज फुटबॉल खेळणारा मुलगा. चार घास कमी जातात आणि उजवीकडे जड वाटतं, एवढीच तक्रार. चार महिने कुठेतरी ॲसिडिटीच्या गोळ्या चालल्या होत्या. त्याला झोपवलं, उजव्या बरगड्यांखाली बोटं टेकवली आणि म्हटलं, खोल श्वास घे. श्वासाबरोबर यकृत खाली सरकतं. निरोगी माणसात त्याची मऊ कड बोटांना शिवली तर शिवते. इथं दगडासारखं काहीतरी बोटांवर आलं.

रक्तात काही नाही. ब आणि क कावीळ नाही, सिरोसिस नाही, यकृताच्या कॅन्सरसाठी करतात ती एएफपीसुद्धा नॉर्मल. घरच्यांचा जीव भांड्यात पडला. घात होतो तो इथं! फायब्रोलॅमेलर कार्सिनोमा या दुर्मिळ कॅन्सरमध्ये एएफपी बहुधा वाढतच नाही, आणि तो गाठतो तोही धडधाकट यकृताच्या तरुणांनाच.

स्कॅनमध्ये गाठीच्या मधोमध व्रण दिसतो. पण एका निरुपद्रवी गाठीतही तो असतो. एमआरआयच्या टी-टू चित्रात तिचा व्रण सहसा उजळ, याचा काळा. तरी शंका उरते, मग बायोप्सी. १९५६ साली या गाठीचं पहिलं वर्णन झालं, पण तिच्या पेशींमध्ये डीएनएजेबी१ आणि पीआरकेएसीए ही दोन जनुकं एकमेकांना चिकटलेली असतात, हे २०१४ साली कळलं. आज निदानाची ती मोठी खूण आहे.

उपचार म्हणजे शस्त्रक्रिया. केमोचा भरवसा देता येत नाही. बाकीचं यकृत निरोगी, म्हणून आम्हाला धीटपणे कापता येतं. तीसेक टक्के उरलं तरी ते वाढून भरून येतं. जवळच्या लसिका ग्रंथीही काढतो, कारण हा तिकडे पसरतो. पुन्हा उद्भवायची खोड त्याला आहे, मग पुन्हा ऑपरेशन. आणखी एक सांगतो. असा रुग्ण असंबद्ध बोलू लागला, झापड येऊ लागली, तर 'टेन्शन घेतलंय' म्हणू नका. या कॅन्सरमध्ये रक्तातलं अमोनिया वाढूनही असं होतं, ते तपासायला सांगा.

त्या मुलाची उजवी बाजू काढली. दर काही महिन्यांनी येतो. आई फाइलमध्ये एएफपीचा कागद अजून सगळ्यात वर लावते. मी तो उचलून बाजूला ठेवतो आणि स्कॅन उघडतो.