सराफ्याचा ओटा आणि ग्राफिक्स कार्ड

फळ्यावर विषय लिहिलाय : 'कर्नलनं ग्राफिक्स कार्डात किती हात घालावा'. कर्नल म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, ग्राफिक्स कार्ड म्हणजे पडद्यावर चित्र उमटवणारा भाग. वेळ चाळीस मिनिटं. त्यातली दहा सत्कारात गेली, तेव्हा थेट मुद्द्यावर येतो. म्हणजे आधी लग्नावर.

2008 साली इथेच, इंदुरात, मावसभावाच्या लग्नात फोटो दाखवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. भाड्याचा प्रोजेक्टर, माझा लॅपटॉप, त्यात लिनक्स. बारसं झालं, मुंजही निम्मी झाली. मध्येच काहीतरी तपासायला मी कंट्रोल-आल्ट-एफ1 दाबून कन्सोलवर, म्हणजे नुसत्या अक्षरांच्या पडद्यावर, गेलो आणि परत येतो तो पडदा काळाकुट्ट! मुलीकडची मंडळी अंधारात. लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू होईतो पंगत बसली. जिलबी पुढ्यात असताना मुंजीचे फोटो कोण बघतो? व्याही आजही विचारतात, "ते कॉम्प्युटरवाले तुम्हीच ना?"

चूक माझी नव्हती, हे चारचौघांत सांगायला मिळावं म्हणूनच मी हे व्याख्यान स्वीकारलं.

आपला सराफा बघा. दिवसा सोनं, रात्री त्याच ओट्यांवर भुट्ट्याचा कीस नि गराडू. (गराडू थंडीतच, पाहुण्यांनी उन्हाळ्यात मागू नये.) पण शटर पडल्याशिवाय कढई मांडत नाहीत. कार्डावर मात्र तेव्हा दोघांची पथारी होती. कन्सोल कर्नलचा, रंगीत पडदा एक्स सर्व्हरचा. एक्स हा कर्नलबाहेरचा प्रोग्रॅम, पण रूटचे, म्हणजे यंत्राच्या मालकाचे, अधिकार घेऊन थेट कार्डाच्या रजिस्टरांत, म्हणजे त्याच्या सेटिंगच्या कप्प्यांत, लिहायचा. रिझोल्यूशनही तोच ठरवणार, कर्नलला पत्ता नाही. कन्सोलवरून परतताना कार्डाची घडी त्यानंच पुन्हा बसवायची. एक रजिस्टर चुकलं की अंधार. एक्स चालू असताना कर्नल कोसळला, तर 'कोसळलो' एवढं लिहायलाही त्याला पडदा मिळत नसे!

चिठ्ठी आलीय. पाच मिनिटं. बरं.

डिसेंबर 2008 मध्ये कर्नलची 2.6.28 ही आवृत्ती आली, त्यात जेम : कार्डाच्या मेमरीचा हिशेब कर्नलकडे, सुरुवात इंटेलपासून. मार्च 2009 च्या 2.6.29 मध्ये पडद्याचं रिझोल्यूशनही कर्नल ठरवू लागला, तेही आधी इंटेलच्याच चिपांवर. मावसभावानं जरा दम धरायला हवा होता.

म्हणून सगळंच कर्नलमध्ये कोंबायचं नाही. चित्र कसं काढायचं, शेडरचं (रंगछटा ठरवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचं) कार्डाच्या भाषेत भाषांतर, हे कर्नलबाहेर मेसा या चित्रं काढणाऱ्या सॉफ्टवेअरनं करावं. कर्नलनं मेमरी द्यावी, कामं रांगेत लावावीत, कार्ड अडकलं तर रीसेट करावं, पडदा कोणाचा ते सांगावं. आणि ड्रायव्हरला, म्हणजे कर्नलमधल्या कार्ड चालवणाऱ्या भागाला, बाहेरच्या प्रोग्रॅमशी बोलायला नवा इंटरफेस हवा असेल, तर तो वापरणारा बाहेरचा कोड कोणालाही वाचता येईल असा खुला असावा, ही कर्नलवाल्यांची अट मला तरी जाचक वाटत नाही. एकदा दिलेला इंटरफेस वर्षानुवर्षं सांभाळावा लागतो; वापरणाराच दिसत नसेल तर काय मोडलं ते कळणार कसं? 2012 साली लिनक्सचे जनक लायनस टॉरवाल्ड्सनी एनव्हिडिया या ग्राफिक्स कार्डवाल्या कंपनीला कॅमेऱ्यासमोर कोणतं बोट दाखवलं ते विचारू नका, पुढच्या रांगेत ज्येष्ठ मंडळी आहेत. 2022 मध्ये त्या कंपनीनं कर्नलमधली मॉड्यूल्स खुली केली, कर्नलबाहेरचा वरचा थर बंदच ठेवला.

एक्सच्या जागी आलेलं वेलँड राहिलंच. ते चहाबरोबर.