दीड तासात तीन क्रेडिट: अमेरिकेतली क्लेप

(पडद्यावर: टेस्ट सेंटरची खोली, ओळीने कॉम्प्युटर, कानाला हेडफोन लावलेली वेगवेगळ्या वयाची माणसं)

अमेरिकेतल्या कॉलेजात सायकॉलॉजीचा पहिला कोर्स म्हणजे अख्खं सेमिस्टर, लेक्चरं, असाइनमेंट, मिडटर्म, फायनल, फी भरायची ती वेगळीच, आणि एवढं करून पदरात पडतात तीन क्रेडिट, म्हणजे डिग्रीसाठी कोर्सागणिक जमवायची एककं. या खोलीतली माणसं तेच तीन क्रेडिट दीड तासात घ्यायला आलीयेत, वर्गात एकदाही न बसता. यात लबाडी काही नाही बरं का, रीतसर परीक्षा आहे, नाव क्लेप, आणि घेतं कोण तर एसएटी ही कॉलेज प्रवेशाची परीक्षा घेणारी संस्था, कॉलेज बोर्डच.

आपल्याकडे १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसतात ना, तसलाच प्रकार, फक्त इथे एकेक विषय सुटा देता येतो. ३४ विषय आहेत, कॉलेज अल्जिब्रा, अमेरिकेचा इतिहास, मॅक्रोइकॉनॉमिक्स, मार्केटिंग, बायोलॉजी, म्हणजे बहुतेक पहिल्या दोन वर्षांतलं सामान. स्कोअर २० ते ८० मध्ये येतो, त्यात ५० मिळाले की क्रेडिट द्यावं अशी बहुतेक विषयांना शिफारस आहे. हे ५० म्हणजे पन्नास टक्के नव्हेत, इथे भल्याभल्यांचा गोंधळ होतो. चुकलं तर मार्क कापत नाहीत, त्यामुळे येत नसलं तरी काहीतरी टिचकवून पुढे जायचं.

(पडद्यावर: सैनिकांचे जुने कृष्णधवल फोटो)

क्लेप सुरू झाली १९६७ साली, पण त्यामागचा प्रश्न जुना. दुसऱ्या महायुद्धातून लाखो सैनिक घरी आले, १९४४ च्या जीआय बिलामुळे, म्हणजे परतलेल्या सैनिकांसाठीच्या कायद्यामुळे, कॉलेजचा खर्च सरकार उचलणार होतं, आणि यातल्या कित्येकांनी सैन्यात रेडिओ, इंजिनं, नकाशे, हिशेब असं काय काय शिकून घेतलेलं. आता यांना परत पहिल्या बाकापासून बसवायचं का? कुठे शिकलास ते सोड, येतं का ते दाखव, हा विचार तिथूनच पुढे आला. आजही सैन्यातल्या लोकांना विषयाची पहिली परीक्षा फुकट असते. बाकीच्यांना फी शंभर डॉलरच्या जरा आत, वर टेस्ट सेंटरवाले आपले वेगळे घेतात. कॉलेजच्या एका कोर्सच्या फीपुढे हे काहीच नाही.

सगळ्यात मजा स्पॅनिशची. घरात आई-आजीशी स्पॅनिश बोलत वाढलेलं पोरगं, ६३ किंवा जास्त स्कोअर आणला तर नऊ क्रेडिटची शिफारस, म्हणजे तीन कोर्स एका बैठकीत! तिथल्या मराठी घरातल्या मुलांना मात्र हा फायदा नाही, कारण क्लेपमध्ये भाषा तीनच, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश.

आता गोम ऐका. क्रेडिट कॉलेज बोर्ड देत नाही, देतं तुमचं कॉलेज. साधारण २९०० कॉलेजं क्लेप मानतात म्हणे, पण एक ५० ला देतं, दुसरं जास्त मागतं, तिसरं म्हणतं क्रेडिट देऊ पण तुमच्या मेजरमध्ये, म्हणजे मुख्य विषयात, धरणार नाही, आणि डिग्रीच्या साधारण १२० क्रेडिटपैकी ठरावीक आमच्याकडेच करा ही अट तर असतेच. आयव्ही लीगवाले, म्हणजे हार्वर्ड-येलसारखी नामांकित कॉलेजं, बहुतेक दारातही उभे करत नाहीत. मेडिकलला जायचंय त्याने बायोलॉजी-केमिस्ट्री अशी उरकू नये, पुढे ॲडमिशनला अडतं. आणि स्पष्टच बोलायचं तर विकता येणारा कोर्स परीक्षेवर सोडून द्यायला कुठलं कॉलेज स्वतःहून सांगत येणारे? त्यांच्या नियमांत शोधावं लागतं.

(पडद्यावर: ट्रेंटन शहर)

काही कॉलेजं मात्र यासाठीच उभी राहिली. न्यू जर्सी म्हटलं की आपल्या लोकांना एडिसन गाव आणि ओक ट्री रोडवरची दुकानं आठवतात, पण थॉमस एडिसन स्टेट युनिव्हर्सिटी आहे ट्रेंटनला, १९७२ ची, नोकरी-संसार सांभाळणाऱ्या मोठ्या माणसांसाठी काढलेली. इथे परीक्षांचे क्रेडिट ढिगाने चालतात, क्लेपचे आणि डीएसएसटी या तसल्याच दुसऱ्या परीक्षांचेही, ज्यात व्हिएतनाम युद्धाच्या इतिहासापासून सायबर सिक्युरिटीपर्यंत पेपर आहेत.

आपल्याकडे स्वयम् या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवरून ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट घेता येतात, २०२१ च्या यूजीसी नियमांनुसार, पण तिथे आधी कोर्स करावा लागतो, असाइनमेंट द्याव्या लागतात, मग परीक्षा. नुसतं येऊन पेपर टाकून जायची सोय नाही.

क्लेपमध्ये नापास झालात तर त्याच विषयाला तीन महिने थांबायचं. स्कोअर २० वर्षं जपून ठेवतात. आणि परीक्षेच्या वेळी एका कॉलेजला तो फुकट पाठवता येतो, नंतर पाठवायचा तर पैसे पडतात, म्हणून कॉलेजचं नाव तेव्हाच टाकून मोकळं व्हायचं.