चिंचोके आणि नऊ होल

नमस्कार मंडळी.

शिकागोच्या उपनगरांतल्या आपल्या बऱ्याच घरांत सध्या दोनच विषय असणार. सुट्टीत भारतात गेलेली माणसं परत कधी येणार, आणि इथे राहिलेली पोरं दिवसभर करतात तरी काय. त्यातच यंदा हायस्कूलला जाणाऱ्या तुमच्या लेकीने किंवा लेकाने 'मला गोल्फच्या टीममध्ये जायचंय' असं जाहीर केलं असेल, तर त्यांना जरा रेडिओजवळ बोलवा. तुम्हीही बसा, कारण निम्मी तयारी आईबापांचीच असते.

मी सांगलीची. गोल्फ म्हणजे सिनेमातल्या श्रीमंत सासऱ्याने सकाळी करायचा उद्योग, एवढंच माझं ज्ञान. गेल्या वर्षी लेकीमुळे शिकले ते सांगते.

सगळ्यात आधी विमानाचं तिकीट बघा. हसू नका. इलिनॉयमध्ये शाळांचं गोल्फ फॉलमध्ये, म्हणजे उन्हाळा सरताना असतं, मुलांचंही आणि मुलींचंही. टेक्सासला किंवा न्यू जर्सीला राहणारी तुमची बहीण सांगेल, 'अगं, ते वसंतात असतं.' तिच्याकडे असतं, आपल्याकडे नाही. आपले ट्रायआउट, म्हणजे टीमच्या निवडचाचण्या, ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास, म्हणजे शाळा उघडायच्या आधीच होतात. आणि आपण परतीचं तिकीट काढतो ते शाळेच्या आदल्या दोन दिवसांचं! तसंच डॉक्टरांच्या फिजिकलच्या फॉर्मचं. तो तपासणीच्या तारखेपासून ३९५ दिवस चालतो. 'गेल्या वर्षीचा आहे की' म्हणून गाफील राहू नका, फॉर्मवरची तारीख बघा. तो नसेल तर कोच पोरीला मैदानावर पाऊल ठेवू देत नाही.

आता खेळाकडे वळू. आमच्या घरी क्रिकेटचे जाणकार एकच, आमचे 'हे'. त्यांचं म्हणणं असं, की चेंडू लांब गेला की कोच खूश. म्हणून जूनभर बापलेक ड्रायव्हिंग रेंजवर बादल्याच्या बादल्या चेंडू धोपटत होते. मग एका कोचशी सहज बोलणं झालं आणि आमची हवाच गेली. ते म्हणाले, मी फक्त फटक्यांची बेरीज बघतो, जितकी कमी तितकी चांगली.

तुम्हीच बघा. सोयीसाठी नऊही होल पार चारचे धरू, म्हणजे प्रत्येक होल चार फटक्यांत संपवणं अपेक्षित. एका मुलीने प्रत्येक होलवर पाच फटके घेतले. एकही होल देखणा नाही, पण बेरीज ४५. दुसरीने पाच होल झोकात चारमध्ये संपवले आणि उरलेल्या चार होलवर झाडीत, पाण्यात जाऊन आठ-आठ फटके खाल्ले. तिची बेरीज ५२. टाळ्या दुसरीला मिळतात, जागा पहिलीला. आमच्याकडच्या सामन्यांत बहुधा सहा जणी खेळतात आणि त्यांतले सर्वांत चांगले चारच स्कोअर धरतात. त्यामुळे रोज ४५ आणणारी पोरगी कोचला हवीच असते. शिवाय गोल्फमध्ये सगळ्यांना टीममध्ये घेणं जमत नाही. गोल्फ कोर्स शाळेला ठरावीकच वेळ देतो, त्यात मावतील तेवढ्याच मुली.

मग आम्ही ड्रायव्हर, म्हणजे लांब मारायचा क्लब (गोल्फची काठी), गाडीच्या डिकीत ठेवला आणि दिवाणखान्याच्या कार्पेटवर पाण्याचा पेला आडवा केला. पारचा हिशोब मुळात दर होलला दोन 'पट', म्हणजे चेंडू हळूच होलकडे ढकलायचे फटके, धरून मांडलेला असतो. म्हणजे अठरा होलच्या ७२ पैकी ३६ फटके ग्रीनवरचे, होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवरचे. होलचं तोंड सव्वाचार इंच. तीन फुटांवरून रोज रात्री जेवणानंतर पन्नास पट. सासूबाई व्हिडिओ कॉलवर बघून म्हणाल्या, 'पोरगी गोट्या खेळतेय की काय?' तसंच समजा, आई. पैसेही फार लागले नाहीत. बॅगेत जास्तीत जास्त १४ क्लब चालतात, पण चौदा हवेतच असं कुठे आहे? आमचे नऊ होते, तेही वापरलेले.

खरी गंमत पुढे आहे. ट्रायआउटला मागे पंच फिरत नाही. तुमचे फटके तुम्हीच मोजायचे आणि दुसरीचं स्कोअरचं कार्ड तुमच्या हातात. चौदा वर्षांची पोर, ऊन मी म्हणतंय, चेंडू गवतात हरवलेला, अशा वेळी सहा झाले की सात? सरावात आमची लेक दर दोन होलला चुकायची. लबाडी नव्हती, आठवायचंच नाही. शेवटी स्वयंपाकघरातल्या चिंचेच्या पाकिटातून चिंचोके काढले, धुऊन वाळवले आणि तिच्या उजव्या खिशात भरले. फटका मारला की एक चिंचोका डाव्या खिशात. होल संपला की मोजायचे, कार्डावर लिहायचं आणि परत उजवीकडे.

कार्डाची ही चूक थोरामोठ्यांनाही भोवली आहे. १९६८ ची मास्टर्स, गोल्फची नामांकित स्पर्धा. अर्जेंटिनाचे रॉबर्टो दे विसेंझो शेवटच्या दिवशी सतरावा होल तीन फटक्यांत संपवून आले. सोबतच्या खेळाडूने कार्डावर चार लिहिले, आणि यांनी न बघता सही ठोकली. नियमाने तो चारच कायम राहिला. बॉब गोल्बी या खेळाडूशी बरोबरी होऊन विजेता ठरवायला जादा खेळ, म्हणजे प्लेऑफ व्हायचा, तो एका फटक्याने हुकला. त्या दिवशी त्यांचा पंचेचाळिसावा वाढदिवस होता हो! खऱ्यापेक्षा कमी आकडा लिहून सही केली, तर थेट बादच.

आणखी एक नियम पोरांकडून पाठ करून घ्या. हरवलेला चेंडू शोधायला तीनच मिनिटं मिळतात. २०१९ च्या आधी पाच होती, घरातल्या जुन्या खेळाडूंना अजून तीच आठवतात. चेंडू झाडीत गेलासा वाटला, तर लगेच दुसरा मारून ठेवावा, पण मारण्याआधी मोठ्याने म्हणायचं, 'हा प्रोव्हिजनल', म्हणजे तात्पुरता. न बोलता मारला, तर पहिला पुढे सापडूनही उपयोग नाही. आमची पोर लाजाळू. घरी कोथिंबीर चिरताना मी मध्येच ओरडायचे, 'चेंडू गेला!' आणि ती वरच्या मजल्यावरून, 'प्रोव्हिजनल!'

ट्रायआउटच्या दिवशी आईबापांनी पार्किंगमध्येच थांबावं. यांना मी गाडीच्या किल्ल्या काढून घेऊन थांबवलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी यादी ईमेलने आली. लेकीचं नाव जेव्हीत, म्हणजे शाळेच्या दुय्यम टीममध्ये होतं, व्हर्सिटीत, म्हणजे मुख्य टीममध्ये नाही. ती पोहे खात होती. 'बरं' म्हणाली आणि दुसरी बशी घेतली.

त्या रात्री तिचे कपडे धुतले, तर वॉशिंग मशीनच्या तळाशी सात चिंचोके खडखडत होते. ते कुठल्या होलवरचे, हे मी आजवर विचारलेलं नाही.