सांता, मुंजा आणि कबुतरजाळी

(मंडळाच्या नाताळ मेळाव्यात, मुलांच्या नाटकाआधी केलेल्या भाषणाचं संपादित रूप)

नमस्कार मंडळी.

सांताक्लॉजला एकदा खरोखरच पळवून नेलेलं आहे. थट्टा नाही. हा सगळा लाल डगल्याचा पसारा ज्याच्यावरून उभा राहिला तो संत निकोलस म्हणजे चौथ्या शतकातला मायरा गावचा बिशप. मायरा म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं देमरे. त्याची कबर तिथेच होती. १०८७ साली इटलीतल्या बारी शहराचे खलाशी आले, कबर फोडली आणि हाडं घेऊन पसार झाले. काही वर्षांनी व्हेनिसवाले आले, त्यांनी उरलीसुरली नेली. बारीत आजही मे महिन्यात त्या प्रसंगाचा उत्सव करतात. चोरीचा वाढदिवस म्हणा ना!

त्यामुळे आमच्या सोसायटीतल्या मुलांनी 'व्हॅम्पायर सांताला पळवतात' असं नाटक करायचं काढलं, तेव्हा मी म्हटलं, खुशाल करा, इतिहास तुमच्या बाजूने आहे.

मी ठाण्याची, घोडबंदर रोडची. (हशा) हसताय म्हणजे अडकलेले आहात तिथे कधी ना कधी. डिसेंबरात आमच्याकडे क्लब हाऊसमध्ये मुलांचा कार्यक्रम असतो आणि नाटक बसवायचं काम माझ्याकडे येतं, कारण बाकी कुणी घेत नाही. लेकीकडे इथे टोरांटोला आले, तर तुमच्या मंडळाने तेच नाटक इथल्या मुलांकडून करून घ्या म्हणून गळ घातली. आज ते तुम्ही बघणार आहात. पण त्याची जन्मकथा आधी सांगते, कारण नाटकापेक्षा तालमीतल्या भांडणांत जास्त मजा होती.

पहिला प्रश्न आला तो असा, की ठाण्यात सांता उतरणार कुठून? धुराडं कुणाकडे आहे? एक म्हणाला लिफ्टने. दुसरा म्हणाला, रात्री अकरानंतर एकच लिफ्ट चालू असते. शेवटी ठरलं की डक्टमधून. आणि डक्टमधून उतरता उतरता चौदाव्या मजल्यावर सांता अडकतो तो कबुतरजाळीत. तुमच्यापैकी जे अलीकडे घरी जाऊन आलेत त्यांना माहीत असेल, ठाण्यात आता आकाश जाळीतूनच दिसतं. तर वर सांता जाळीत लटकलाय, पोतं खाली लोंबतंय, आजूबाजूला कबुतरं घुमतायत, आणि समोरच्या गॅलरीतल्या काकू ओरडतायत, 'अहो, तिकडे नका लटकू, आमच्या तुळशीवर सावली येते!' रात्रीची कसली सावली, असं मी विचारलं. मुलं म्हणाली, त्या काकू तशाच आहेत.

मग व्हॅम्पायर. ते येऊरच्या जंगलातून येतात असं मी सुचवलं, तर आठवीतल्या एका मुलीने मला उभं केलं. रक्त पिणाऱ्या वटवाघळांच्या जगात तीनच जाती आहेत, त्या तिन्ही मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेपर्यंत सापडतात आणि एका वेळी मोठा चमचाभर रक्त चाटून गप झोपतात. येऊरची वटवाघळं फळं खातात, किडे खातात; त्यांची बदनामी चालणार नाही! मला पटलं. म्हणून आमच्या नाटकात व्हॅम्पायर उपरे आहेत, येऊरला भाड्याच्या बंगल्यात उतरलेत आणि तिथली वटवाघळं त्यांच्याविरुद्ध साक्ष देतात.

पण व्हॅम्पायरना सांता हवा कशाला? म्हातारा माणूस, मधुमेह असणारच, असल्या रक्तात कुणाला रस? इथे तालीम दोन दिवस अडली. मग एक सातवीतला मुलगा बोलला. एरवी तो प्रॉम्प्टिंगला बसायचा, तोंडातून शब्द काढत नसे. तो म्हणाला, 'व्हॅम्पायरला कुणी बोलावल्याशिवाय घरात शिरता येत नाही ना? आणि सांताला तर सगळेच बोलावतात. त्यांना सांताचं रक्त नकोय, ड्रेस हवाय.'

मी इतकी वर्षं मुलांची नाटकं बसवतेय, पण एवढं घट्ट कथाबीज मोठ्यांच्या नाटकातही क्वचित बघितलंय. त्या एका वाक्यावर सगळं उभं राहिलं. व्हॅम्पायर जाळी कापतात. जाळी घराच्या बाहेर असते, त्यामुळे निमंत्रण लागत नाही. हा मुद्दाही मुलांनी रीतसर चर्चेला घेतला होता. ते सांताला उचलून येऊरला नेतात, त्यांचा म्होरक्या लाल डगला घालतो आणि ऐटीत सोसायटीच्या गेटवर येतो. आता पुढचं मुलांनी लिहिलंय तसंच ऐका.

वॉचमन विचारतो, 'कोण?'

'मी सांताक्लॉज! हो हो हो!'

'नाव लिहा. कुठला फ्लॅट?'

'सगळे.'

'सगळ्यांची एंट्री नाही होत. एक सांगा. मालकांना फोन लावतो, ते हो म्हणाले तर सोडतो.' मग तो रजिस्टरची पानं उलटतो, बोट ठेवतो आणि म्हणतो, 'सांताक्लॉज साडेअकराला आत गेलाय. आउट टाइम नाही. म्हणजे तो आतच आहे. तुम्ही कोण?'

क्लब हाऊसमध्ये याला जी दाद मिळाली! वॉचमन म्हणजे आमच्याकडे रोज ज्याच्यावर सगळे खेकसतात तो माणूस. आमचे खरे वॉचमनदादा दारात उभे राहून बघत होते, ते शेवटपर्यंत हलले नाहीत.

म्होरक्याला मग गेटजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून ठेवतात आणि त्याला डास चावायला लागतात. खाडीकडचे डास. तो मानेवर थापा मारत किंचाळतो, 'अरे, हे आमचं काम आहे!' लसणीचा विनोद प्रत्येकाला सुचतो, म्हणून तो मी पहिल्याच प्रवेशात वडापावच्या सुक्या चटणीवर उरकून टाकला होता. डासांचा मात्र मुलांचा स्वतःचा, त्याला मी हात लावला नाही.

आता मुंजा. आमच्या आवारात जुना पिंपळ आहे. टॉवर उभे राहिले, पण तो पिंपळ कुणी तोडला नाही. पर्यावरणाचं प्रेम वगैरे काही नाही. त्याच्यावर मुंजा आहे, अशी तिथल्या जुन्या लोकांची खात्री. मुंज झाली आणि सोडमुंजीच्या आधीच गेला, असा तो मुलगा. म्हणजे आमच्या नटांच्याच वयाचा! त्यांना त्याची भीती वाटेचना. उलट त्याच्या वतीने राग आला, की इतकी वर्षं तो इथे राहतो आणि सांताच्या यादीत त्याचं नाव नाही. तो म्हणतो, 'बॉल झाडात अडकला की मीच खाली टाकतो. मला कधी बॅटिंग दिलीत?' मुंजाला पिंपळ सोडता येत नाही, मग येऊरला जायचं कसं? मुलांनी चौथ्या मजल्याच्या पाइपाच्या भेगेत उगवलेलं पिंपळाचं रोप काढलं, कुंडीत लावलं आणि कुंडीसकट मुंजाला रिक्षात बसवला. असलं मला या जन्मात सुचलं नसतं.

ठाण्याच्या प्रयोगाचा शेवट तुम्ही ओळखला असेलच. व्हॅम्पायर सांताला टेम्पोत घालून पळतात, कारण सांता इतका जड की उडत नेणं शक्य नाही, आणि गायमुखच्या अलीकडे ट्रॅफिकमध्ये अडकतात. हॉर्न, शिव्या, एक अँब्युलन्स, शेंगदाणे विकणारा. सात वाजतात, सूर्य उगवतो, संपले.

मध्ये थोडं गालबोटही लागलं होतं. एका गृहस्थांनी विचारलं, नाताळ कशाला, आपलं काही नाही का? मला वाद घालायची हौस नाही, पण ठाण्यात राहून हे विचारावं म्हणजे कमाल आहे. तलावपाळीजवळ सेंट जॉन द बॅप्टिस्टचं चर्च आहे, पोर्तुगीज काळापासूनचं. घरात मराठी बोलणारे ईस्ट इंडियन ख्रिस्ती ठाण्यात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. आणि पोर्तुगीज यायच्याही कितीतरी आधी, १३२१ मध्ये, ठाण्यात चार फ्रान्सिस्कन धर्मोपदेशक मारले गेले. पुढे ओडोरिक नावाचा त्यांच्याच पंथातला साधू आला आणि त्यांची हाडं घेऊन समुद्रमार्गे थेट चीनला गेला. मी त्या गृहस्थांना म्हटलं, हाडं पळवण्यातसुद्धा ठाणं जगाच्या मागे नाही. ते हसले नाहीत. त्यांचा नातू मात्र तिसरा व्हॅम्पायर झाला.

तर हे सगळं घेऊन मी तुमच्याकडे आले. पहिल्याच वाचनाला इथल्या मुलांनी दोन सुरुंग लावले. एक म्हणाला, 'आजी, टेम्पोने हायवे ४०७ का नाही घेतला?' टोल भरून मोकळे झाले असते, एवढंच त्याचं म्हणणं. दुसऱ्याने मूळ पुस्तक वाचलेलं होतं. १८९७ च्या त्या कादंबरीत ड्रॅक्युला दिवसाउजेडी लंडनमध्ये फिरतो; दिवसा त्याची शक्ती कमी होते, इतकंच. उन्हाने मरायची सोय केली ती १९२२ च्या एका जर्मन मूकपटाने. शिवाय तुमच्याकडे डिसेंबरात सूर्य पावणेआठनंतर उगवणार आणि पावणेपाचला घरी जाणार. त्याच्या भरवशावर कुणी सांता वाचवावा?

गोष्ट ठाण्यातच ठेवायची, यावर मात्र सगळे ठाम होते. सुट्टीत आजोळी गेल्यावर बघितलेली ती जाळी त्यांना हवीच होती. फक्त शेवट बदलायचा.

तो मिळाला एका मुलीच्या वर्गमैत्रिणीकडून. तिची आजी ग्रीक, डॅनफर्थला राहणारी. ग्रीक लोकांत कालिकांत्झारोस नावाची भुतं असतात. वर्षभर ती जमिनीखाली बसून पृथ्वीला तोलून धरणारं झाड करवतीने कापत असतात. नाताळ आला की काम टाकून वर येतात, ६ जानेवारीपर्यंत गोंधळ घालतात, आणि परत जातात तोवर झाड पुन्हा भरून आलेलं असतं. (घोडबंदर रोडच्या खोदकामाचं कोडं मला तेव्हा उलगडलं.) ही भुतं धुराड्यातून घरात शिरतात, अगदी सांतासारखीच. त्यावर उपाय काय? दारात चाळण ठेवायची. ती भोकं मोजायला बसतात. पण तीन हा आकडा पवित्र, तो त्यांना उच्चारता येत नाही, म्हणून दोनच्या पुढे गाडी जात नाही आणि उजाडतं. युरोपात इतरत्र संशयित मुडद्याच्या कबरीत खसखस नाहीतर बाजरीसारखे बारीक दाणे टाकायचे, तेही यासाठीच. उठलाच तर मोजत बसेल. आपण मीठ-मोहरीने दृष्ट काढतो, तेव्हा हे दाण्यांचं शास्त्र आपल्याला परकं नाही.

म्हणून आजच्या प्रयोगात एक आजी आहे. वॉचमन म्होरक्याला गेटवर अडवून धरतो, सगळं ठीक चाललेलं असतं, आणि पहिल्या मजल्याच्या खिडकीतून ही आजी सवयीने म्हणते, 'अहो, खाली काय उभे? या ना वर, चहा टाकते!' झालं. निमंत्रण मिळालं! तो वर येतो, दात काढतो, आजी दचकते आणि फोडणीसाठी हातात घेतलेला मोहरीचा डबा सांडतो. आता त्याला मोजणं भाग आहे. मोजणार मराठीत, कारण ठाण्याची मोहरी आहे.

तुमच्या मुलांना मराठी आकडे म्हणायला सांगितलं की काय होतं, ते मी तुम्हाला सांगायला नको. एकोणतीसपर्यंत गाडी जाते. मग त्रेपन्न की त्रेसष्ट, सदुसष्ट की सत्याहत्तर, आणि एकोणसत्तर म्हणजे नक्की सत्तरच्या अलीकडे की पलीकडे. आमच्या म्होरक्याचं काम करणारा मुलगा अकरा वर्षांचा आहे. पहिल्या तालमीला तो बत्तिसावरच थांबला. संहितेत होतं, की तो एकोणऐंशीला चुकतो, 'छे!' म्हणतो आणि पुन्हा एकपासून सुरू करतो, तोवर मुलं मुंजाला घेऊन येऊरहून सांताला सोडवून आणतात. आता एकोणऐंशीला चुकायचं तर अठ्ठ्याहत्तरपर्यंत बरोबर यायला हवं ना! त्याने घोकलं. बेसमेंटमध्ये, गाडीत, हॉकीच्या प्रॅक्टिसला जाताना, केप घालून. त्याच्या आईने मला फोन करून सांगितलं, की रविवारच्या वर्गाला दारामागे लपणारा मुलगा घरभर दात दाखवत आकडे म्हणत हिंडतोय. मला विचाराल तर मुलांच्या नाटकात संस्कार थोडे कमी चालतील, भूत पाहिजेच. भुताला बोलायचं असतं म्हणून मूल बोलतं.

पण त्यातून नवीच पंचाईत झाली. मागच्या आठवड्यापासून तो चुकतच नाही. धडधडत शंभरापर्यंत जातो, मग त्याला आठवतं की आपण हरायला हवं होतं. कालच्या रंगीत तालमीत मोहरी मोजून झाली, सांता येऊरलाच राहिला आणि मुंजा कुंडी घेऊन विंगेत वाट बघत उभा. आज काय होईल ते मी सांगू शकत नाही.

दोनच विनंत्या. पहिल्या रांगेतल्यांनी पाय जपून ठेवा, मोहरी खरी आहे आणि ती तुमच्याकडेच येणार आहे. आणि तो एकोणऐंशीला थांबला, तर तो अभिनय आहे असं समजा; कृपा करून कुणीही खुर्चीतून त्याला पुढचा आकडा सांगू नका. विशेषतः त्याच्या आजोबांनी.