न भरून येणारा थर

डोळे तपासण्याच्या यंत्राच्या पडद्यावर दिसणारी षटकोनी जाळी जिवंत माणसाच्या डोळ्यातली आहे. डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाला, म्हणजे कॉर्नियाला, मध्यभागी जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची जाडी असते आणि त्याच्या आतल्या बाजूला पेशींचा हा एकच थर अंथरलेला असतो. त्याला एंडोथेलियम म्हणतात. डोळ्याच्या आतले पाणी (अश्रू नव्हे) कॉर्नियात सतत झिरपत असते आणि या पेशी अहोरात्र ते उपसून परत टाकत असतात. हा उपसा मंदावला की कॉर्निया फुगतो आणि नजर धूसर होते. झोपेत पापण्या मिटलेल्या असल्याने पृष्ठभागावरून बाष्पीभवनही होत नाही, त्यामुळे असा रुग्ण पहिली तक्रार बहुधा सकाळच्या धुक्याची करतो.

माणसाच्या डोळ्यात या पेशी स्वतःहून नव्याने तयार होत नाहीत. प्रौढ वयात एका चौरस मिलिमीटरमध्ये साधारण 2500 ते 3000 पेशी असतात आणि दरवर्षी त्यांपैकी अर्धा टक्का किंवा त्याहून थोड्या अधिक नाहीशा होतात. एखादी पेशी मेली की शेजारच्या पेशी पसरून तिची जागा व्यापतात. उपचारांच्या सुरक्षिततेचा प्रश्न याच सोयीमुळे अवघड होतो; कारण अर्ध्या पेशी गेल्या तरी कॉर्निया स्वच्छ राहू शकतो, रुग्णाला नीट दिसत राहते आणि डॉक्टरांनाही नेहमीच्या तपासणीत फारसे वावगे आढळत नाही. संख्या 500 च्या आसपास किंवा त्याखाली घसरली की मात्र सूज येण्याचा धोका एकदम वाढतो.

म्हणून पेशी मोजाव्या लागतात. स्पेक्युलर मायक्रोस्कोप या थरावरून परावर्तित होणारा प्रकाश टिपून ही मोजणी करतो.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत अल्ट्रासाउंडच्या कंपनांनी भिंग फोडले जाते, तेव्हा ही कंपने, उसळणारे तुकडे आणि वाहते द्रव या थरापासून काही मिलिमीटरवरच असतात. त्यासाठी डोळ्यात आधी जेलीसारखा दाट पदार्थ भरतात आणि तो पेशींवर संरक्षक लेप धरतो. त्याहून कमी बोलला जाणारा धोका बाटल्यांचा आहे. बाहेरून डोळ्यात टाकायच्या थेंबांमधले बेंझाल्कोनियम क्लोराइड हे टिकाऊद्रव्य डोळ्याच्या आत गेले तर एंडोथेलियमला विषारी ठरते. शस्त्रक्रियेत भिंगाचे आवरण रंगवण्यासाठी ट्रिपॅन ब्लू वापरतात. त्याच्याऐवजी चुकून मेथिलीन ब्लू टोचले गेल्याने कॉर्निया कायमचे निकामी झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नोंदींत आहेत. दोन्ही द्रव निळेच, आणि सिरिंजमध्ये भरल्यावर नजरेला फरक कळणे कठीण. अशा वेळी कौशल्यापेक्षा बाटलीवरची चिठ्ठी मोठ्याने वाचण्याची सवय अधिक कामाची.

हळूहळू होणाऱ्या हानीचे सर्वांत बोलके उदाहरण एका काचबिंदूच्या उपकरणाचे आहे. सायपास नावाची ही सूक्ष्म नळी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसोबत बसवण्यास अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2016 मध्ये मान्यता दिली. दोन वर्षांच्या माहितीत चिंतेचे मोठे कारण दिसले नव्हते. त्याच रुग्णांचा पाठपुरावा पाच वर्षांपर्यंत नेल्यावर मात्र नळी बसवलेल्या गटात सुमारे 20 टक्के पेशी कमी झालेल्या आढळल्या, तर केवळ मोतीबिंदू काढलेल्या गटात ही घट सुमारे 10 टक्के होती. ऑगस्ट 2018 मध्ये कंपनीने ते उपकरण स्वतःहून बाजारातून मागे घेतले. पाठपुरावा दोन वर्षांवरच थांबला असता, तर ही गोष्ट कदाचित कोणाच्या ध्यानातही आली नसती.

हा थरच निकामी झाला तर काय करायचे? एके काळी संपूर्ण कॉर्निया बदलावा लागे. नेदरलँड्सचे शल्यविशारद गेरिट मेलेस यांनी केवळ आतला थर बदलण्याच्या पद्धती विकसित केल्या. डीमेक या पद्धतीत नेत्रदात्याच्या कॉर्नियाचा हा आतला, अत्यंत पातळ पडदा डोळ्यात सोडून हवेच्या किंवा वायूच्या बुडबुड्याने वर दाबून चिकटवतात. शरीराने तो नाकारण्याचा धोका जुन्या प्रत्यारोपणापेक्षा बराच कमी असतो. उलट हा पडदा सुटून येऊ शकतो आणि मग बुडबुडा पुन्हा भरावा लागतो. बुडबुड्यामुळे डोळ्याचा दाब वाढू शकतो. आणि पडदा गुंडाळी होत असल्याने तो उलटा बसण्याची भीतीही असते. ती टाळण्यासाठी त्यावर अक्षराचा शिक्का मारतात. नंतर दीर्घकाळ चालणारे स्टेरॉइडचे थेंब दाब वाढवू शकतात, ही बाब वेगळी.

यापुढचे पाऊल जपानमधील क्योतो येथे पडले. शिगेरु किनोशिता यांच्या गटाने दात्याच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून, रो-कायनेज हे पेशींमधले एन्झाइम रोखणाऱ्या द्रव्यासह, 11 रुग्णांच्या डोळ्यांत टोचल्या. त्याचे निष्कर्ष 2018 मध्ये प्रसिद्ध झाले. डीमेकनंतर बुडबुडा वर राहावा म्हणून रुग्णाला उताणे झोपवतात. इथे पेशी खाली कॉर्नियावर बसाव्यात म्हणून तीन तास पालथे झोपवले गेले. वाढवताना काही पेशी आपला आकार व स्वभाव सोडून लांबट, निरुपयोगी होतात. काहींच्या गुणसूत्रांत बिघाड होऊ शकतो. आणि न चिकटलेल्या पेशी डोळ्यातल्या पाण्याबरोबर बाहेर वाहून जाऊ शकतात. त्यामुळे टोचण्याआधी पेशींची कसून पारख करणे हा या उपचाराचाच भाग आहे.

पाच वर्षांनंतर 11 पैकी 10 डोळ्यांत या थराचे काम सुरळीत चालू होते. त्या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. जपानने 2023 मध्ये या उपचाराला मान्यता दिली, म्हणजे ज्यांना तो मान्यतेनंतर मिळाला, त्यांच्यातल्या पहिल्या रुग्णांचीही पाच वर्षे 2028 पूर्वी भरणार नाहीत.